सूत धरणारी

आमच्या शहरात बाहेरून कुणी येत नाही, त्यामुळे शहर हिंडवून दाखवायची माझी हौस तशीच राहून गेली आहे. आलाच असता कुणी, तर त्याला मी आधी माथ्यावर नेलं असतं. माथा म्हणजे डोंगराचा अगदी वरचा भाग. तिथं सभेची इमारत आहे, माथेकरांची दगडी घरं आहेत आणि चौकाच्या मधोमध पहिल्या कारभाऱ्याचा पुतळा आहे. पुतळ्याच्या उजव्या हातात सूत आहे, भिंतीची रेघ धरायचा दोरा. हे शहर त्यानं वसवलं, पहिली भिंत त्यानं बांधली, आणि सूत धरलं तेव्हा सख्खी आई भिंतीबाहेर राहतेय हे दिसत असूनही त्याचा हात हलला नाही. शाळेत हे आम्हाला न्यायाचं उदाहरण म्हणून शिकवतात. माझा बाप म्हणायचा, त्या मायलेकांचं आधीपासूनच पटत नव्हतं. बाप गवंडी होता, मीही गवंडी आहे. शाळेत शिकवलेलं आमच्या घराण्याला फार दिवस पुरत नाही.

माथ्याच्या मागे सरळ तुटलेला कडा आहे, त्यामुळे तिकडून कशाची भीती नाही. पुढं उतार आहे आणि उतारावर आळ्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक. वरून सोनारआळी, मग कापडआळी, मग आमची गवंडीआळी. आमच्याखाली रंगारआळी होती. तिच्याखाली घाणेआळी, तिच्याखाली भट्टीआळी, तिच्याखाली मिठाची आळी, आणि त्याखालच्यांची नावं आता म्हाताऱ्यांनाही सांगता येत नाहीत. त्या आळ्या पडल्या नाहीत की जळल्या नाहीत. उभ्याच आहेत, फक्त पांढऱ्यात आहेत.

पांढरं म्हणजे धुकंच. पण धुकं सकाळी येतं आणि उन्हं वर आली की निघून जातं. हे जात नाही. हे खालून वर चढतं, कधी वर्षानुवर्षं जागचं हलत नाही आणि कधी एका महिन्यात अख्खी गल्ली गिळतं. त्यात सापडलेला माणूस मरत नाही, तेवढंही सुख नाही त्याच्या नशिबी. आधी तो नावं विसरतो, मग चेहरे, मग आपण कुठं निघालो होतो ते. हात तेवढे विसरत नाहीत. हातांना घर आठवतं. म्हणून ती माणसं चाचपडत भिंतीपर्यंत येतात आणि बाहेरून थापा मारत बसतात. असे काही दिवस जातात आणि मग थापा थांबतात. तोवर सभेचा शिपाई रोज दवंडी देतो, की बाहेर कामं चालू आहेत, आवाजाकडे लक्ष देऊ नये.

पांढऱ्याला अडवते ती भिंतच, आणि तीही सुतात असली तर. जरा बाक राहिला की तिथून ते झिरपलंच समजा. म्हणून माथ्यावर पुतळ्यापाशी एक लोखंडी खुंटी आहे. सूत त्या खुंटीला बांधायचं, उतारावर खाली आणायचं, ताणायचं आणि या कड्यापासून त्या कड्यापर्यंत फिरवायचं. सुताचं टोक जिथून जाईल तिथं भिंत. सूत किती आखूड करायचं हे माथेकरांची सभा ठरवते. माथेकर वाईट माणसं आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांच्या तोंडून कधी वावगा शब्द निघत नाही आणि ते कुणाला बाहेर टाकतही नाहीत. ते आळी 'मोकळी' करतात. मोकळी केलेली आळी अजून शहराचीच समजतात, आणि दर सभेच्या सुरुवातीला तिच्यासाठी क्षणभर उभंही राहतात. गुडघेदुखीवाल्यांना त्यातून सूट आहे.

आता तुम्ही म्हणाल, लोक ऐकून कसे घेतात? त्यालाही युक्ती आहे, आणि ती पहिल्या कारभाऱ्याच्या डोक्यातून निघालेली आहे. सूत धरायला माणूस मोकळ्या होणाऱ्या आळीतलाच लागतो, म्हणजे वरच्यांनी आम्हाला ढकललं असं कुणाला म्हणता येत नाही. तो माणूस चिठ्ठ्या टाकून काढतात. ज्याची चिठ्ठी निघेल तो आत राहतो, आणि आळी मोकळी करायची दवंडी होते त्या दिवशी त्याच्या चुलीवर जेवणारी माणसंही त्याच्याबरोबर आत येतात. बाकीची आळी बाहेर. चिठ्ठी निघेपर्यंत जो तो आशेवर असतो म्हणून गप्प बसतो. निघाल्यावर ओरडायला जोर उरत नाही, आणि उरलाच तर भाले घेतलेले शिपाई असतात.

रंगारआळीची चिठ्ठी रंगारणीच्या नावानं निघाली.

पंचेचाळिशीची बाई. नवरा रंगाच्या उकळत्या काहिलीत पडून गेला तेव्हापासून काहील तीच सांभाळायची. हात कोपरापर्यंत निळे, ते काही केल्या जायचे नाहीत. लोक गमतीनं म्हणायचे, हिला अंधारात शोधायचं तर हात सोडून बाकी शोधा. घरात ती आणि तिची सासू, एवढीच दोन माणसं. सासूबद्दल काय सांगू? आळीतली कुत्रीसुद्धा त्या म्हातारीच्या दारावरून जाताना शेपूट खाली घालायची. सुनेनं केलेल्या भातात तिला तीस वर्षांत एकदाही मीठ बरोबर लागलं नव्हतं. मुलगा गेला त्या दिवशीही तिनं पहिला प्रश्न काय विचारला, तर काहिलीतला रंग वाया गेला का.

रंगारणीची लेक त्याच आळीच्या खालच्या टोकाला दिलेली होती. पोटुशी, सातवा संपून आठवा लागलेला. जावई दोन महिन्यांपूर्वी चारपाच जणांबरोबर कमरेला दोर बांधून पांढऱ्यात उतरला होता, पलीकडे कुठली वाट आहे का ते बघायला. दोर परत आला. आईनं लेकीला दहा वेळा सांगितलं होतं, एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये. लेक म्हणायची, "तो आला आणि चूल गार दिसली तर त्याला काय वाटेल?" त्या पोरीनं रोज दोन माणसांचा स्वयंपाक केला आणि दवंडीच्या दिवशीही स्वतःच्याच चुलीवर केला. तिची चूल वेगळी म्हणून ती बाहेर.

रंगारीण तडक मोजणीदाराकडे गेली. मोजणीदार म्हणजे चुली मोजणारा सभेचा माणूस. गोरागोमटा, हसतमुख, बोलायला लोणी. त्या वेळी मी भिंतीच्या दगडांचा हिशोब द्यायला त्याच्यासमोर उभा होतो, म्हणून सगळं कानांनी ऐकलं.

"साहेब, मी बाहेर राहते. माझ्या जागी लेकीला घ्या."

"तुला कसं सोडणार, बाई? सूत धरणारा हात आतलाच लागतो. काम पुरं व्हायच्या आत सूत जमिनीला टेकलं तर भिंत बाद. मग अख्खं शहर पांढऱ्यात."

"मग दुसरी चिठ्ठी काढा."

"तेवढे दिवस आहेत का हातात? तू मिस्त्रींना विचार."

मी मान हलवली. दिवस खरोखरच नव्हते. जुनी भिंत झिरपायला लागली होती आणि पांढरं लेकीच्या घराच्या मागच्या वळणापर्यंत आलं होतं.

मोजणीदारानं पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. "एक वाट आहे. चुलीतलं माणूस आपल्या पायानं, आपल्या तोंडानं सांगून बाहेर गेलं तर त्याची जागा दुसऱ्याला देता येते. तुझ्या चुलीत अजून कोण आहे?"

ती पाणी न पिताच घरी गेली.

पुढचे आठ-दहा दिवस आम्ही जुन्या भिंतीची अजून कोरडी असलेली बाजू उतरवून दगड वर आणत होतो आणि रंगारीण सासूची मनधरणी करत होती. अख्ख्या आळीला ते दिसत होतं. म्हातारीनं आधी स्पष्ट काही सांगितलंच नाही. म्हणाली, बघू. मग म्हणाली, पाय फार दुखतात, डोकं नीट चालत नाही, पाय चेपून दे. सून पाय चेपायला लागली. मग म्हणाली, तीस वर्षांत तू मला कायकाय उलट बोललीस ते चारचौघांत कबूल कर. सुनेनं ओट्यावर उभं राहून, सगळ्या आळीदेखत, न बोललेलंही बोलले म्हणून सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. मग म्हातारीला तिच्या माहेरच्या पद्धतीचं शिजवलेलं खावंसं वाटलं, मग नवं अंथरूण हवंसं झालं. लेक आठव्या महिन्याचं पोट सांभाळत चढण चढून यायची आणि आजीचे केस विंचरायची. म्हातारी डोळे मिटून बसायची. इतका मान तिला जन्मात मिळाला नव्हता, आणि ती तो अगदी चवीनं घेत होती. मला तिचा इतका संताप यायचा की मी दगड मोजताना आकडे विसरायचो.

सूत धरायच्या आदल्या दिवशी मोजणीदार शिपायांना घेऊन दारात आला आणि त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, "आजी, तुम्ही आपल्या पायानं बाहेर जाणार का?"

"मी? मी कशाला जाऊ?" म्हातारी म्हणाली.

रंगारीण खालीच बसली. लेक आजीच्या शेजारी उभी होती. तिच्या हातात फणी होती.

"अहो सासूबाई," रंगारणीचा आवाज फाटला, "तुमची नात आहे ती. तुमच्या लेकाची लेक."

"मला सांगतेस?" म्हातारी उसळली. "घाणेआळी मोकळी केली तेव्हा मी केवढी होते? माझी मोठी पोर बाहेर होती, चार वर्षांची. खालच्या अंगाला आत्याकडे जेवायला गेलेली, म्हणून तिची चूल तिकडची! माझ्या सासूच्या पायांवर डोकं आपटलं मी. गेली का ती? भरपूर जगली, माझ्या हातचं खाऊन जगली. तेव्हा माझ्यासाठी कुणी गेलं नाही. आता मी कुणासाठी जाऊ?"

त्या चार वर्षांच्या पोरीबद्दल आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. म्हातारीला वाईट वाटत होतं की नाही कोण जाणे, चेहऱ्यावर तरी ती जिंकल्यासारखी दिसत होती. मोजणीदारानं "बरं" म्हटलं आणि तो निघून गेला. लेकीनं फणी कोनाड्यात ठेवली आणि भिंतीचा आधार घेत आपल्या घराकडे उतरली.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. सूत धरणं म्हणजे नुसतं उभं राहणं नव्हे. खुंटीपासून आलेला तो जाड दोरा सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत छातीच्या उंचीवर ताणून धरायचा आणि भिंत पुढं सरकेल तसं आपणही सरकायचं. रात्री तो शिपायांच्या पहाऱ्यात लाकडी घोड्यावर अडकवतात.  हात भरून आले की रंगारीण दोऱ्याला दातांनी धरायची. मी पुष्कळ सूत धरणारे पाहिले नाहीत, पण तिच्यासारखं सूत कुणी धरलं नसेल. ती भिंत आजही जाऊन बघा, केसाइतका बाक सापडणार नाही.

भिंत पूर्ण व्हायच्या दिवशी पहाटेच सुईण धापा टाकत खिंडारापाशी आली. खिंडार म्हणजे भिंतीत शेवटपर्यंत सोडलेली माणूसभर रुंदीची फट. दगड, चुना, माणसं सगळं तिथूनच ये-जा करतं आणि अगदी शेवटी मी ती बुजवतो. सुईण ओरडली, "मुलगा झाला! दिवसांआधी झाला, पण धड आहे!"

रंगारणीनं दातांतला दोरा हातात घेतला. "पाजलं का त्याला?"

"आता पाजेलच की."

"नको! पळ, तिला सांग, थेंबसुद्धा देऊ नकोस. शपथ घाल माझी."

मला आधी वाटलं बाईचं डोकं फिरलं. पण फिरलं नव्हतं. आमच्या कायद्यात एक बारीक कलम आहे, ते क्वचितच कुणाला लागतं. ज्याच्या पोटात अजून कुठल्याच चुलीचं काही गेलेलं नाही, त्याची चूल ठरलेली नाही. ज्या चुलीचा पहिला घास, ती त्याची चूल. आईचं दूध म्हणजे आईच्या चुलीचं अन्न. तेव्हा पोर उपाशी आत आणलं आणि रंगारणीच्या चुलीवरचं काही त्याच्या ओठाला लावलं, तर ते रंगारणीच्या घरचं. मोजणी वगैरे काही नाही, अदलाबदल नाही, ते सरळ आतलं. फक्त आणायला चुलीतलंच माणूस गेलं पाहिजे, आणि खिंडारात मोजणीदारानं बघितलं पाहिजे.

मोजणीदाराला बोलावणं धाडलं. जेवून येतो म्हणाला.

लेकीचं घर खिंडारातून सरळ समोर दिसायचं. सुईणीनं निरोप दिला असणार, कारण थोड्या वेळानं ती पोरगी दारात येऊन बसली. नुकतीच बाळंत झालेली, धड बसताही येत नव्हतं. पोराला तिनं मागे खोलीत घडी घातलेल्या कापडावर ठेवलं होतं आणि ती त्याच्याकडे पाठ करून बसली होती. ते रडत होतं. पहिल्यांदा जोरात, मग घशातून, मग नुसतं मांजराच्या पिल्लासारखं. पोरीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. तिच्या चोळीचा पुढचा भाग दुधानं ओला झालेला मला एवढ्या लांबून दिसत होता. मी पाठ फिरवून चुना कालवायला लागलो. चुना कालवायचा नव्हता, तयारच होता.

ऊन डोक्यावर आल्यावर मोजणीदार आला. दात कोरत होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "छान. कायद्यात बसतंय. मलाही बरं वाटतंय, खरंच. कोण जातंय आणायला?"

रंगारणीच्या हातात सूत होतं. चुलीत दुसरं माणूस एकच.

म्हातारीला बोलावून आणलं. तिला वाटलं फसवून बाहेर काढतायत. मोजणीदारानं तिला शब्द दिला की आणायला जाणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे, पोर आणायचं आणि परत यायचं. रंगारीण एवढंच म्हणाली, "सासूबाई, नुसतं उचलून आणा. बाकी मी तुमच्याकडे काही मागत नाही." म्हातारीनं पदर खोचला, काठी घेतली आणि आपल्या चालीनं गेली. मी सांगतो, ती मुद्दाम हळू गेली नाही. तिचे पाय खरोखरच दुखत असत.

ती घरात शिरली. पोराचं कण्हणं अजून येत होतं. मग ते थांबलं.

 रंगारणीनंही ऐकलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, जसं काही मला ठाऊक असावं. म्हातारी पोराला छातीशी धरून येत होती. तिच्यामागून लेक, एका हातानं घरांच्या भिंती धरत धरत, पावलापावलाला थांबत. म्हातारीचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. ती पोराशी काहीतरी बोलत होती. तिला दात नव्हते, त्यामुळे हसली की तोंड पोरासारखंच दिसायचं.

खिंडारात मोजणीदार वाकला. "कोण आहे? अरे वा." त्यानं पोराच्या हनुवटीला बोट लावलं आणि बोट उन्हात धरून बघितलं. "ओठाला चिकट काय आहे हे?"

"कुठं काय?"

"आजी, काय दिलंत याला?"

"अहो, किती रडत होतं ते!" म्हातारी म्हणाली. "ती बया पाठ करून बसलेली, दगड नुसती. याचा आवाज बसला होता. चुलीपाशी वाटीत साखरेचं पाणी होतं, त्यात बोट बुडवलं आणि चोखायला दिलं. बोटभर. त्यानं काय होतंय? गप्प झालं बघा कसं."

जन्मभर त्या बाईनं कुणाला घोटभर पाणी विचारलं नव्हतं. आळीत ज्यानं त्यानं तिच्याकडून अपमानच खाल्ला होता. आयुष्यात एकदाच तिच्या काळजाला पाझर फुटला, आणि नेमका त्या दिवशी, त्या घरात, त्या वाटीपाशी.

मोजणीदार सरळ उभा राहिला. त्याचं हसू मावळलं होतं, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगतो. "लेकीच्या चुलीचं अन्न पोटात गेलं. याची चूल ठरली."

"साहेब," मी म्हणालो, "बोटभर पाणी ते."

"मिस्त्री, घास म्हणजे किती हे मी ठरवायला लागलो तर उद्या अख्खी आळी आत येईल." मग तो म्हातारीकडे वळला. "आजी, अजून एक होऊ शकतं. तुमच्या चुलीत जागा दोन. तुम्ही इथंच बाहेर थांबलात आणि तोंडानं सांगितलंत, तर तुमची जागा याला देतो. उभ्या उभ्या देतो."

म्हातारी खिंडारात उभी होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. मागं लेक येऊन टेकली होती. तिच्या मागं वळणावर पांढरं दिसत होतं, आणि आळीतली बाकीची माणसं आपापल्या दारांत मुकाट बसून बघत होती. रंगारीण वीस हातांवर होती. सूत सोडलं असतं तर चार उड्यांत पोचली असती. सूत थरथरत होतं, मला दिसत होतं, पण छातीच्या खाली गेलं नाही. सूत टेकलं तर आत काय आणि बाहेर काय, सगळेच गेले, हे त्या बाईला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

"सासूबाई," ती म्हणाली. 

म्हातारीनं पोराकडे पाहिलं. त्याच्या अंगावरचं कापड नीट केलं, कानापर्यंत ओढलं. मग मागं वळून ते लेकीच्या हातात दिलं.

"घे बाई. तुझं तू सांभाळ," असं म्हणून ती आत आली.

 लेक तिथंच भिंतीला पाठ टेकून बसली, चोळी सोडली आणि पोराला पाजायला घेतलं. ते अधाशासारखं प्यायला लागलं. मोजणीदारानं मला खूण केली. तुम्ही विचाराल, मग तू काय केलंस? दगड लावला. गवंडी दगडच लावतो. शेवटचा दगड बसवेपर्यंत त्या फटीतून पोराचा पिण्याचा आवाज येत होता.

सूत धरणाऱ्याला वरच्या आळीत खोली मिळते, पण ती नेहमी भिंतीला लागूनच असते. चांगल्या खोल्या कोण देतंय? रंगारणीला आमच्याच आळीत, माझ्या घराला लागून खोली मिळाली. मागची भिंत म्हणजे शहराची भिंत. थापा सुरू झाल्या तेव्हा सगळ्या भिंतीवरून सुरू झाल्या, पण त्या खोलीमागे एक थाप वेगळी होती. रंगारी बायका धुतलेलं कापड दगडावर धोपटतात ना, दोन जोरात आणि एक हळू, तशी. हातांना घर आठवतं म्हणालो ना मी. शिपाई गल्लीतून ओरडत जायचा, बाहेर कामं चालू आहेत.

"तुझ्या लेकीला सांग जरा हळू," म्हातारी एकदा म्हणाली. "झोप लागत नाही."

मी माझ्या घराच्या नि त्यांच्या खोलीच्या मधल्या दारात उभा होतो. मला वाटलं, आता ही म्हातारीचा गळा धरणार. मी असतो तर धरला असता. रंगारीण उठली, म्हातारीच्या उशाखाली आणखी एक उशी सरकवली आणि तिच्या कानांवर शाल गुंडाळली.

काही दिवसांनी ती थापही थांबली.

तेव्हापासून रंगारणीनं सासूची जी सेवा मांडली आहे, तशी सेवा आमच्या आळीत कुणी पाहिलेली नाही. सकाळी कोमट तेलानं पाय चोळायचे. गुडघ्यांना शेक. भातावर तूप, रोज दूध, दुपारी फळ कापून. स्वतः दुसऱ्यांचे कपडे रंगवून मिळवते आणि त्यातलं अर्धं म्हातारीच्या ताटात जातं. म्हातारी मधे तापानं फणफणली तर हिनं सगळ्या रात्री उशाशी बसून काढल्या, वैद्याच्या पायांवर डोकं ठेवलं, हिला वाचवा म्हणून. आळीतल्या बायका डोळे पुसत म्हणतात, सून असावी तर अशी. माथ्यावरही तिचं नाव झालं आहे. मोजणीदार आपल्या सुनांना हिचं उदाहरण देतो म्हणे. म्हातारी चांगली टुणटुणीत झाली आहे, गालांवर मांस आलं आहे. मात्र हल्ली ती ताटाकडे बघताना घाबरल्यासारखी दिसते. मला वाटायचं, विषाला भीत असेल.

भिंतीची देखभाल माझ्याकडे आहे. दर महिन्याला मी भिंतीवर चढून पांढरं कुठवर आलं ते बघतो आणि सभेला कळवतो. यंदा ते भिंतीच्या निम्म्याच्या वर आलं आहे. आतल्या अंगानं दगडांना ओल दिसायला लागली आहे. पुढच्या वेळी सूत आखूड झालं की ते गवंडीआळीच्या वरून जाणार, हे सांगायला माथेकर कशाला हवेत? तेव्हा चिठ्ठी आमच्या आळीत निघेल. ज्यानं एकदा सूत धरलं त्याचं नाव चिठ्ठ्यांत पुन्हा घालत नाहीत, असा नियम आहे, म्हणजे रंगारणीची चूल या वेळी बाहेरच.

परवा उतरलो तर रंगारीण खाली उभी होती. निळे हात पदराला पुसत होती.

"कुठवर आलंय, मिस्त्री?"

खोटं सांगावंसं वाटलं, पण तिच्याशी जमलं नाही. मी हातानं दाखवलं, इथवर.

"म्हणजे वर्षभर?"

"तेवढंही नाही."

तिनं मान हलवली. पुष्कळ दिवसांनी तिचा चेहरा मोकळा झालेला दिसला, नव्हे, मला तर ती खूश वाटली. ती आत गेली. मी तिच्या मागोमाग दारापर्यंत गेलो. म्हातारी ताटासमोर बसली होती आणि ताट पुढं ढकलत होती. पोट भरलं म्हणत होती, बास म्हणत होती. रंगारीण तिच्याशेजारी बसली, भातावर आणखी तूप घातलं, घास कालवला आणि तिच्या तोंडाशी धरला.

"खा, सासूबाई. अंगात ताकद हवी. आपल्या दोघींना चालत जायचंय."